नमुन्यामागील माणूस : नाव आणि ओळखक्रमांक

वस्तुसंग्रहालयातील नमुना, मग ते वाळवून कागदावर चिकटविलेले रोप असो, टाचणीला टोचलेले फुलपाखरू असो किंवा कापूस भरून ठेवलेला पक्षी असो, त्याच्यासोबत एक लहानशी चिठ्ठी असावीच लागते. ती हरवली तर नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ नाहीसे होते. या चिठ्ठीने चार प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. हा जीव कोणता? तो कोठे सापडला? केव्हा सापडला? आणि तो कोणी गोळा केला?

यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांना शास्त्राने चांगली शिस्त लावली आहे. जीवाला दोन पदांचे लॅटिन नाव मिळते, स्थळाला अक्षांश-रेखांश मिळतात आणि दिवसाला तारीख मिळते. चौथा प्रश्न मात्र फार काळ उपेक्षित राहिला. ‘हूकर’, ‘जोशी’ किंवा नुसती दोन आद्याक्षरे खरडली की संग्राहकाची नोंद पुरी झाली, अशी समजूत होती. संग्रहालयातील कपाटे बंद होती, तोवर हे चालूनही गेले. कारण ‘जोशी म्हणजे आपले अमुक जोशी’ हे तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक असे. आता हीच कपाटे संगणकाच्या साहाय्याने साऱ्या जगाला खुली झाली आहेत. संगणकाला ‘आपले जोशी’ ठाऊक नसतात. म्हणूनच माणसाची नोंद नावाने करावी की क्रमांकाने, हा वरकरणी रूक्ष वाटणारा प्रश्न आज जैवविविधतेच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला आहे.

‘कोणी?’ या प्रश्नाचे मोल

संग्राहकाच्या नावाला एवढे महत्त्व कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्याच खानदेशातील एका पक्ष्याच्या इतिहासात सापडते.

रानपिंगळा हे लहान घुबड. त्याचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने मिळाले. त्यांपैकी काही पश्चिम खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने गोळा केले होते. १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. अपवाद होता तो एकाच नमुन्याचा. त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील मांडवी हे स्थळ, १९१४ हे वर्ष आणि रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याचे नाव होते. पुढे रानपिंगळ्याचा शोध घेणाऱ्यांनी या सर्वांत अलीकडच्या नोंदीवर भिस्त ठेवली आणि त्यांना रिकाम्या हाती परतावे लागले.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी वेगळी असते. टाके, कापसाची भरण आणि हाडांची मांडणी यांवरून जाणकाराला हात ओळखता येतो. तो नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, तरी आतल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हाताच्या होत्या. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरण्यात आला होता आणि नवी चिठ्ठी बांधून त्याला नवा संग्राहक, नवे स्थळ आणि नवे वर्ष देण्यात आले होते. या तपासणीचे फलित १९९९ साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच, मांडवीची नोंद बाजूस सारून आणि जुन्या अस्सल नोंदींचा माग काढीत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोहोचले. तेथे त्यांना रानपिंगळा जिवंत आढळला. मधल्या काळात ११३ वर्षे लोटली होती. पुढे तो मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही आढळला.

संग्राहकाचे नाव खोटे ठरताच स्थळही खोटे ठरले आणि तारीखही. चिठ्ठीवरची चारही उत्तरे अशी एकमेकांत गुंतलेली असतात. एका माणसाची ओळख चुकली म्हणून एक पक्षी हरवलेला राहिला. ती सुधारली तेव्हा तो पुन्हा सापडला.

नाव म्हणजे माणूस नव्हे

आता नावाकडे वळू. नावाच्या दोन खोडी आहेत. एकाच माणसाची अनेक नावे असतात आणि अनेक माणसांचे नाव एकच असते.

दुसऱ्या खोडीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हूकर पितापुत्र. विल्यम जॅक्सन हूकर (१७८५–१८६५) आणि त्यांचे पुत्र जोसेफ डाल्टन हूकर (१८१७–१९११) हे दोघेही थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि लंडननजीकच्या क्यू येथील उद्यानाचे एकामागून एक संचालक होते. चिठ्ठीवर नुसते ‘हूकर’ असेल तर तो कोणता हूकर? वनस्पतींना नावे देणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी या अडचणीवर एक तोडगा निघाला. पित्यासाठी ‘हुक.’ आणि पुत्रासाठी त्याच संक्षेपापुढे ‘पुत्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर, असे संकेत रूढ झाले. अशा हजारो संक्षेपांची प्रमाणित सूची क्यू उद्यानाने १९९२ साली प्रसिद्ध केली. परंतु ही सोय वनस्पतींना नावे देणाऱ्यांपुरती आहे. ज्यांनी रानोमाळ हिंडून नमुने गोळा केले पण नवे नाव एकही दिले नाही, त्यांना ती लागू पडत नाही.

पहिली खोड आपल्या देशात विशेष जाणवते. डॉ. जानकी अम्मल (१८९७–१९८४) या भारताच्या अग्रगण्य पेशीवैज्ञानिक. त्यांच्या नावाआधी येणारी ‘ई. के.’ ही अक्षरे एडवलत कक्कट या घराण्याच्या नावाची आहेत. ‘जानकी’ हे त्यांचे स्वतःचे नाव आणि ‘अम्मल’ हे आदरार्थी पद आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शेवटचा शब्द आडनाव मानणारा सूचीकार त्यांना ‘अम्मल’ या शब्दाखाली घालील, दुसरा ‘जानकी’ या शब्दाखाली घालील, आणि तिसरा दोन्ही शब्दांमध्ये जोडरेघ देईल. संगणकाच्या लेखी या तीन निरनिराळ्या स्त्रिया होतात. कोठे वडिलांचे नाव, कोठे गावाचे नाव, कोठे विवाहानंतर बदललेले नाव, आणि त्यात रोमन लिपीतील मनमानी वर्णलेखनाची भर, हे ध्यानी घेतले म्हणजे भारतीय संग्राहकाच्या नावाची किती रूपे संभवतात याची कल्पना येईल.

ग्रंथपालांची जुनी युक्ती

ही अडचण ग्रंथालयांना नवी नाही. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. चांगला ग्रंथपाल या तिन्ही नावांच्या पत्त्या ठेवतो, त्या एका अधिकृत नोंदीकडे वळवितो आणि वाचकाला सांगतो की हे तिघे एकच आहेत. त्याच वेळी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले ‘गोविंदाग्रज’ हे नाव तो खोडीत नाही. मुखपृष्ठावर काय छापले आहे ही एक गोष्ट, आणि ते कोणाचे आहे ही दुसरी. ग्रंथपालांचा हा विवेक पुढील सर्व विवेचनात उपयोगी पडणार आहे.

वाक्यांची साखळी

संगणकशास्त्राने या युक्तीला नवे रूप दिले. २००६ साली टिम बर्नर्स-ली यांनी परस्परसंलग्न माहितीची कल्पना मांडली. तिचे सूत्र असे की, प्रत्येक वस्तूला, व्यक्तीला व स्थळाला इंटरनेटवरील एक स्थिर पत्ता द्यावा आणि माहिती लहान लहान वाक्यांत मांडावी. प्रत्येक वाक्याला तीनच अवयव असावेत : कोणाविषयी बोलायचे तो विषय, संबंध आणि त्या संबंधाचे उत्तर. ‘हा नमुना – संग्राहक – जोसेफ हूकर’ हे असे एक वाक्य होय.

या वाक्यातील तिसरा अवयव दोन प्रकारचा असू शकतो. तो नुसता मजकूर असू शकतो, म्हणजे काही अक्षरांची ओळ. किंवा तो स्थिर पत्ता असू शकतो. हा भेद बारीक दिसतो, परंतु सारे मर्म त्यातच आहे. तिसरा अवयव मजकूर असेल तर साखळी तेथेच संपते, कारण नुसत्या अक्षरांविषयी पुढचे वाक्य रचता येत नाही. ‘हूकर’ ही तीन अक्षरे जन्मत नाहीत, प्रवास करीत नाहीत, मरत नाहीत. तिसरा अवयव पत्ता असेल तर मात्र तोच पुढच्या वाक्याचा पहिला अवयव होऊ शकतो : ‘जोसेफ हूकर – जन्मवर्ष – १८१७’, ‘जोसेफ हूकर – पिता – विल्यम हूकर’. अशा रीतीने एका संग्रहालयाची नोंद दुसऱ्या संग्रहालयातील पत्रव्यवहाराशी आणि तिसऱ्या ठिकाणच्या प्रवासवर्णनाशी जोडली जाते.

जैवविविधतेच्या नोंदींसाठी ‘डार्विन कोअर’ नावाची आंतरराष्ट्रीय शब्दावली २००९ साली संमत झाली. तीत संग्राहकासाठी आणि नमुन्याची जात ओळखणाऱ्या तज्ज्ञासाठी स्वतंत्र रकाने आहेत, पण ते मूलतः मजकुराचे होते. परस्परसंलग्न माहितीत त्यांचा वापर कसा करावा याचे मार्गदर्शन २०१५ साली निघाले. एकाच संबंधाची दोन रूपे त्याने सांगितली, एक मजकुरासाठी आणि दुसरे पत्त्यासाठी. २०२० साली त्या शब्दावलीत संग्राहकाच्या व तज्ज्ञाच्या ओळखक्रमांकांचे रकानेही दाखल झाले. मजकुराचे जुने रकाने मात्र काढून टाकले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जिवंतांचे आणि दिवंगतांचे क्रमांक

हे ओळखक्रमांक येतात कोठून? हयात संशोधकांसाठी २०१२ साली ‘ऑर्किड’ ही योजना सुरू झाली. फुलाशी या नावाचा संबंध नाही. ते एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे बनले आहे. तीत संशोधक स्वतः नोंदणी करून सोळा स्थानांचा क्रमांक घेतो. त्यातील शेवटचे चिन्ह आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला तर चूक तत्काळ उघडी पडते. नावाच्या वर्णलेखनातील चूक अशी स्वतःहून बोलत नाही.

दिवंगतांना अर्थातच नोंदणी करता येत नाही. त्यांच्यासाठी ‘विकिडेटा’ या २०१२ सालीच सुरू झालेल्या मुक्त ज्ञानकोशाचा उपयोग होतो. तेथे प्रत्येक व्यक्तीला एक रोमन अक्षर व त्यापुढे अंक, असा क्रमांक असतो. चार्ल्स डार्विन यांचा क्रमांक क्यू १०३५ हा आहे. मराठीत ‘डार्विन’ लिहा, तमिळमध्ये लिहा की रशियन लिपीत लिहा, क्रमांक तोच राहतो. अनेक भाषांच्या आणि अनेक लिप्यांच्या आपल्या देशाला हा गुण विशेष सोयीचा आहे.

नमुने आणि माणसे यांची गाठ घालून देण्याचे काम ‘बायोनोमिया’ या संकेतस्थळावर चालते. जगातील जैवविविधतेच्या नोंदी एकत्र करणाऱ्या, कोपनहेगन येथे सचिवालय असलेल्या जागतिक सुविधेतील नोंदींवर ते आधारलेले आहे. या सुविधेने २०१८ साली १ अब्ज नोंदींचा टप्पा ओलांडला, आणि पुढे ही संख्या दुपटीहून अधिक झाली. एवढ्या नोंदींतील नावे जुळविणे एकट्या संगणकाचे काम नव्हे. तो जुळणीचे पर्याय पुढे करतो. नमुना कोणाचा हे माणूस चिठ्ठी पाहून ठरवितो.

क्रमांकाने काय साधते

पहिला लाभ चुका पकडण्याचा. १८७० सालच्या नमुन्यावर विल्यम हूकर यांचा क्रमांक पडला तर संगणक लगेच सांगू शकतो की ते १८६५ साली निवर्तले होते. सिक्कीममधील १८४९ सालच्या नमुन्यावर नुसते ‘हूकर’ असेल, तर तो पुत्राचा मानण्यास सबळ आधार आहे. कारण त्या काळात जोसेफ हूकर सिक्कीममध्ये हिंडत होते आणि त्यांचे वडील भारतात कधी आलेच नव्हते.

दुसरा लाभ विखुरलेल्या गोष्टी एकत्र आणण्याचा. वनस्पतिसंग्राहक एकाच झाडाच्या अनेक फांद्या वाळवून निरनिराळ्या संग्रहालयांना पाठवीत. आज जगातील वनस्पतिसंग्रहालयांत मिळून सुमारे ४० कोटी नमुने आहेत. त्यांतील जुळी भावंडे एकमेकांना भेटवायची तर संग्राहक, तारीख आणि संग्राहकाने घातलेला क्रम या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

तिसरा लाभ श्रेयाचा. पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव राहते. पण आयुष्यभर नमुने गोळा करणारा किंवा इतरांच्या नमुन्यांची जात ओळखून देणारा मागे पडतो. त्याचे काम एका क्रमांकाखाली एकवटले तर त्याची मोजदाद होऊ शकते आणि त्याच्या नमुन्यांवर पुढे कोणते संशोधन झाले हेही दिसू शकते.

मजकूर का पुसू नये

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग नावे हवीतच कशाला, सर्वत्र क्रमांकच घालावेत. ही घाई धोक्याची आहे.

चिठ्ठीवरील मजकूर हा पुरावा असतो. ओळखक्रमांक हा त्या पुराव्यावरून कोणीतरी काढलेला निष्कर्ष असतो. निष्कर्ष बदलू शकतो, पुरावा बदलता कामा नये. रानपिंगळ्याच्या नमुन्याचीच गोष्ट घ्या. त्याच्या चिठ्ठीवर माइनर्ट्झहागेन हे नाव आहे, ही वस्तुस्थिती आहे. तो नमुना डेव्हिडसन यांचा आहे, हा संशोधनाचा निष्कर्ष आहे. नोंदीत दोन्ही हवीत. चिठ्ठीचा मजकूर पुसून तेथे डेव्हिडसन यांचा क्रमांक घातला तर लबाडीचा पुरावाच नाहीसा होईल. आणि मजकुरावर विसंबून माइनर्ट्झहागेन यांचा क्रमांक घातला तर लबाडीला संगणकाचा शिक्का मिळेल. म्हणून प्रत्येक क्रमांकासोबत तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे जोडला, याचीही नोंद असली पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्या कोकणाचे आहे. एकोणिसाव्या शतकात हूकर आणि टॉमसन यांनी भारतीय वनस्पतींचे जे संच निरनिराळ्या संग्रहालयांना वाटले, त्यांतील काही नमुन्यांवर एक छापील चिठ्ठी आढळते. स्थळ : मलबार, कोंकण, इत्यादी. संग्राहक : स्टॉक्स, लॉ, इत्यादी. जॉन एलर्टन स्टॉक्स आणि जॉन सदरलँड लॉ यांना क्रमांक देता येतात. पण ‘इत्यादी’ला कोणता क्रमांक द्यावा? हा नमुना स्टॉक्सचा, लॉचा की तिसऱ्याच कोणाचा, हे चिठ्ठी सांगत नाही. तिच्यातला संशय मजकुरात जसाच्या तसा टिकतो. क्रमांक घालताच तो खात्रीचे सोंग घेतो.

हयात व्यक्तींविषयी आणखी एक पथ्य आहे. कोण कोणत्या दिवशी कोठे होते, हे नमुन्यांच्या तारखा एकत्र केल्या की कळून येते. शतकापूर्वीच्या प्रवाशाच्या बाबतीत हा इतिहास ठरतो. हयात माणसाच्या बाबतीत ती त्याची खाजगी माहिती असू शकते. ‘ऑर्किड’ क्रमांक ज्याचा त्याने घ्यावा असा संकेत आहे, तो यासाठीच योग्य वाटतो. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली संमत झाला आहे.

ज्यांना क्रमांक नाही

ओळखक्रमांकाला अगोदर ओळख लागते, आणि ओळख सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. ज्याचे चरित्र छापले गेले त्याला क्रमांक सहज मिळतो. ज्याने डोक्यावर पेटारा वाहिला आणि झाडावर चढून फांदी तोडली, त्याचे नाव चिठ्ठीवर क्वचितच असते.

तरीही काही नावे टिकली आहेत. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यांचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे, आणि मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांची साक्षही त्यात आहे. अच्युतन यांचे नाव रोमन लिपीत आज अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. पण मूळ मजकूर छापलेला असल्यामुळे ती सारी रूपे एकाच माणसाकडे आणता येतात. दक्षिण भारतातील वनस्पतींचे अभ्यासक रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रुंगिया आणि गोविंदू या चित्रकारांनी वनस्पतींची उत्कृष्ट चित्रे काढली. वाइट यांनी त्यांची नावे नोंदली, म्हणून आज आपण ती घेऊ शकतो. ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत त्यांना कोणतेही यंत्र परत आणू शकणार नाही. मात्र ‘संग्राहकाचे नाव नोंदलेले नाही’ असे स्पष्ट लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे यांत फरक आहे. पहिल्यात एक माणूस होता याची कबुली असते. दुसऱ्यात ती नसते.

शाळांनी काय करावे

अनेक शाळांतून विद्यार्थी पाने-फुले वाळवून संग्रह करतात. काही जण पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. अशा प्रत्येक नोंदीवर वनस्पतीचे नाव, स्थळ आणि तारीख यांच्याबरोबर संग्राहकाचे पूर्ण नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. नुसती आद्याक्षरे लिहू नयेत. दोघांनी मिळून नमुना आणला असेल तर दोघांचीही नावे लिहावीत, ‘इत्यादी’वर भागवू नये. झाडाचे स्थानिक नाव एखाद्या शेतकऱ्याने किंवा गुराख्याने सांगितले असेल, तर त्याची संमती घेऊन त्याचेही नाव लिहावे. मात्र विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर प्रसिद्ध करावयाच्या असल्यास शिक्षकांनी पालकांची संमती अगोदर घ्यावी.

पुढे कधी कोणी संशोधक ती वही उघडील, तेव्हा क्रमांक देण्याचे काम तो करू शकेल. चिठ्ठीवर जे नाव लिहिलेच गेले नाही, ते मात्र त्यालाही शोधून काढता येणार नाही.